साडेतीन ग्रॅमचा हिशेब

आपल्याकडे सोन्याचा जुना हिशेब आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असा चालायचा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवून टाकला. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. पेढीवरून तो कधीच गेला, पण अमेरिकेत बंदुकीच्या गोळीचे वजन आजही ग्रेनमध्येच सांगतात. कायोटीच्या शिकारीला तिथे फार चालणारी गोळी ५५ ग्रेनची असते. सोनाराच्या तराजूत घातली तर ती जेमतेम २९ गुंजा भरेल. साडेतीन ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, तोळ्याचा तिसरा हिस्साही नाही. बोटातली साधी अंगठी बहुधा याहून जड असेल.

एवढीशी ही वस्तू '२२-२५०' नावाच्या रायफलीतून सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला १,१२१ मीटर असतो. ताशी चार हजार किलोमीटरच्या वर. हा वेग टिकला असता तर पुण्याहून नागपूर दहा-अकरा मिनिटांवर आले असते. तो टिकत नाही, हवा त्याला पहिल्या पावलापासून खात सुटते. कायोटीसाठी बंदूक निवडण्याचा सगळा विचार या झिजत जाणाऱ्या वेगाभोवती फिरतो.

आधी प्राणी. कायोटीला मराठीत नाव नाही, कारण तो आपला नाहीच. तो उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या नहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल' शब्दावरून स्पॅनिश लोकांनी हे नाव उचलले, आणि थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. आपला कोल्हा भरतो आठ ते अकरा किलो, कायोटी नऊपासून वीस किलोपर्यंत. कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या पायरीवर त्याला उभा करावा. पण हिवाळ्यातली दाट लव डोळ्यांना फसवते. त्या लवेखालचा देह बराच सडसडीत असतो, आणि गोळी जिथे बसली तर प्राणी जागच्या जागी पडतो तो छातीचा भाग दहा-पंधरा सेंटिमीटरचा. जेवणाच्या ताटातली मोठी वाटी डोळ्यांसमोर आणा.

या प्राण्यावर माणसाने जेवढी बंदूक आणि जेवढे विष खर्च केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुणा सस्तन प्राण्यावर केले असेल. मेंढ्यांची कोकरे आणि गाईंची वासरे तो उचलतो, हे खरे आहे. इतिहासकार डॅन फ्लोरेस यांनी दिलेला आकडा असा की १९४७ ते १९५६ या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागात सुमारे ६५ लाख कायोटी मारले गेले, त्यांतले कितीतरी विषाने. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरचे हे विष बंद केले. मारणे थांबले नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या एकट्या वन्यजीव शाखेने २०१८ साली ६८,१८६ कायोटी मारल्याची नोंद आहे. दर पावणेआठ मिनिटांना एक. खाजगी शिकारी, सापळेवाले, पशुपालक सगळे धरले तर वर्षाला पाच लाखांच्या आसपास, असा ढोबळ अंदाज नेहमी सांगितला जातो. वर्षात मिनिटे असतात ५,२५,६००. तो अंदाज खरा धरला तर मिनिटामागे जवळपास एक प्राणी.

आणि तरीही कायोटी वाढत गेला. एकोणिसावे शतक संपताना जो मुख्यतः मैदानांत आणि कोरड्या पश्चिमेत होता, तो आज हवाई सोडून अमेरिकेच्या सर्व ४९ राज्यांत आहे, आणि दक्षिणेत पनामाचा कालवाही ओलांडून गेला आहे. १९५० च्या दशकापासून त्याचा प्रदेश किमान ४० टक्क्यांनी वाढला. १९७५ सालच्या एका गणिती अभ्यासाने दाखवले होते की कायोटी पार संपवायचे तर दरवर्षी त्यांतले ७५ टक्के मारावे लागतील, आणि तेही पन्नासेक वर्षे. शिकागो महानगरात २००० सालापासून त्यांच्यावर संशोधन चालू आहे. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना ज्या शहरात झाली, तिथल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांच्या कुंपणापलीकडून रात्री जो ओरडा येतो, तो याचा.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. एका शिकाऱ्याच्या बंदुकीने कायोटीची संख्या आटोक्यात येत नसते. तो एक प्राणी मारतो किंवा एक प्राणी जखमी करतो. बंदूक निवडताना प्रश्न असतो तो यांतले काय घडणार, एवढाच.

आता दुकानात जाऊ. फळीवर काडतुसांच्या पेट्या मांडलेल्या असतात आणि नवख्या माणसाला नावांनीच भोवळ येते. २२२, २२३, २२० स्विफ्ट, २२-२५०. इंचाच्या हजारांशांतले हे आकडे वाचून वाटते, चार वेगळ्या जाडीच्या गोळ्या असतील. प्रत्यक्षात चारही काडतुसांतली गोळी एकाच जाडीची, इंचाचे ०.२२४, आपल्या मापात ५.७ मिलिमीटर. बदलते ती मागची पितळी पुंगळी आणि तिच्यातली दारू. '२२-२५०' मधले २५० कुठून आले? १९१५ साली सॅव्हेज कंपनीने एक काडतूस काढले आणि त्याचे नाव ठेवले '२५०-३०००', कारण त्याची गोळी सेकंदाला ३,००० फूट जायची. त्या काळात हा आकडा म्हणजे जाहिरातच होती. पुढे हौशी कारागिरांनी त्याच पुंगळीचे तोंड आवळून त्यात बारीक गोळी बसवली. कित्येक वर्षे हे काडतूस घरगुती प्रयोग म्हणूनच फिरत राहिले, आणि १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. वेग ३,००० वरून ३,६८० फुटांवर गेला.

ही ताकद समजायला क्रिकेटचा चेंडू बरा. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला होता. १६० ग्रॅमच्या त्या चेंडूत सुमारे १६० ज्यूल ऊर्जा होती. साध्या पॉइंट टू-टू रायफलीची, जिच्या काडतुसाला तिकडे 'लाँग रायफल' म्हणतात तिची, ४० ग्रेनची गोळी सुटताना सुमारे १८० ज्यूल बाळगते. म्हणजे त्या चेंडूपेक्षा थोडीच जास्त. २२-२५० मध्ये हाच आकडा २,२४० ज्यूल होतो. तसे चौदा चेंडू, एकाच वेळी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या भोकातून.

ही ऊर्जा ज्या ठिकाणी जन्मते तिथले आकडे याहून थक्क करणारे आहेत. काडतूस पेटते तेव्हा नळीच्या मुळाशी दाब दर चौरस इंचाला ६५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, ही त्या काडतुसासाठी ठरवलेली कमाल मर्यादा आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर साडेएकोणतीस टन. पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी पाण्याचा जो दाब असतो, त्याच्या चौपट. हा दाब खांद्याला लावलेल्या लाकडी दस्त्यापासून वीतभर अंतरावर, माणसाच्या गालाजवळ तयार होतो आणि विरतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. १४ इंचांत एक पीळ असलेल्या नळीतून गोळी बाहेर पडते ती मिनिटाला १,८९,००० फेरे घेत. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर पूर्ण वेगात अठरा-वीस हजार फेरे घेतो, आणि त्याच्या आवाजात घरात बोलणे ऐकू येत नाही.

गोळी नळीत असते किती वेळ? दोन फुटांची नळी, शून्यापासून ११२१ पर्यंत चढणारा वेग. हिशेब केला तर सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळते, आणि दारूचा वायू त्याहून पुष्कळ गरम असतो, म्हणून प्रत्येक गोळी नळीच्या मुळाचा कणभर भाग खाऊन जाते. सतत झाडल्या जाणाऱ्या २२-२५० च्या नळीचा अचूकपणा दोन-अडीच हजार गोळ्यांनंतर ओसरू लागतो, असा साधारण अनुभव. आता गुणाकार करा. अडीच हजार गोळ्या, प्रत्येकी सेकंदाचा हजारावा भाग. त्या नळीचे प्रत्यक्ष कामाचे आयुष्य अडीच-तीन सेकंदांचे. शिकारीची पंधरा-वीस वर्षे त्यात मावून जातात. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा चूक झाली असे वाटून पुन्हा मांडला. चूक नव्हती.

येथे '२२३ रेमिंग्टन' समोर येते. १९६४ सालचे हे काडतूस, सैन्याच्या एम-१६ रायफलीच्या काडतुसाचे नागरी भावंड. तीच ५५ ग्रेनची गोळी, वेग ३,२४० फूट. २२-२५० मध्ये दारू सुमारे ४० टक्के अधिक जाते आणि वेग वाढतो साधारण १४ टक्के. वरच्या त्या १४ टक्क्यांसाठी नळी लवकर झिजते, काडतूस महाग पडते, दणका थोडा वाढतो. ते १४ टक्के कधी हवेत, हे अंतरावर ठरते.

अमेरिकन शिकारी अंतर यार्डात सांगतो, म्हणजे आपल्या वारात. तीनशे वार म्हणजे नऊवारी तेहतीस लुगडी टोकाला टोक जोडून पसरावीत एवढे. वायोमिंग किंवा नेब्रास्काच्या उघड्या माळावर एवढ्या लांबून कायोटी दिसणे रोजचेच. २२-२५० ची गोळी तिथे पोहोचायला सेकंदाचा एक तृतीयांश भाग घेते आणि वाटेत हजारेक गिरक्या मारते. बारचा आवाज तिथे पोहोचतो पाऊण सेकंदाने, त्यामुळे प्राण्याला तो ऐकूच येत नाही. पण तेवढ्या वेळात काय काय होते पाहा. गुरुत्वाकर्षण गोळीला जवळजवळ हातभर, सुमारे ४५ सेंटिमीटर खाली ओढते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, ज्यात दोरीवरचे कपडे नुसते हलतात, तो तिला ३० सेंटिमीटर बाजूला सारतो. कायोटी ताशी ६४ किलोमीटरने पळू शकतो. तसा तो पळत असेल तर गोळी निघाल्यापासून पोहोचेपर्यंत साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो. म्हणूनच जाणते शिकारी पळत्या कायोटीवर चाप ओढत नाहीत. ते तोंडाने कुत्र्यासारखे एकदा भुंकतात, तो क्षणभर थबकून वळून पाहतो, आणि तो क्षण पुरतो.

वाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागते. '२४३ विंचेस्टर'ची १०० ग्रेनची गोळी सुटताना २२-२५० पेक्षा सेकंदाला सातशे फुटांनी मंद असते. तरी तीनशे वारांवर त्याच वाऱ्यात ती ३० ऐवजी २१ सेंटिमीटरच सरकते. जड आणि लांबट गोळी आपला वेग जपून वापरते. वाऱ्याच्या माळावर २४३ घेणारे लोक या नऊ सेंटिमीटरसाठी घेतात. कातडे विकणाऱ्याला मात्र ती नको असते, कारण तिचे भोक मोठे. त्याला '२०४ रूगर' आवडते. २००४ साली आलेल्या त्या काडतुसाची ३२ ग्रेनची, अवघ्या दोन ग्रॅमची गोळी सेकंदाला ४,२२५ फुटांनी सुटते.

दुसऱ्या टोकाला '१७ एचएमआर' आहे. स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, जवळच्या निशाण्यावर अतिशय अचूक, त्यामुळे नवखे तिच्या प्रेमात पडतात. गोळी १७ ग्रेनची, एक ग्रॅमपेक्षा थोडीशी जास्त. दोनशे वारांवर तिच्यात उरतात ९७ ज्यूल. शोएबच्या चेंडूपेक्षाही कमी. सशाला ती पुरेशी आहे. वीस किलोच्या कायोटीला तिने एवढ्या लांबून मारायला जाणे हे माझ्या मते चूक आहे, आणि साध्या पॉइंट टू-टूचेही तेच. अनुभवी हाताने, अगदी जवळून, ती काम करते. पण बहुतेक हात अनुभवी नसतात, आणि जखमी कायोटी काटेरी झुडपांत शिरून दोन दिवस मरत राहतो. ते दोन दिवस कुठल्याही तक्त्यात छापलेले नसतात.

पूर्वेकडच्या जंगलांत आणि दक्षिण टेक्ससच्या झुडपांत हे सगळे गणित बदलते. आपल्या जुन्या शिकारकथांत हाकारे रान उठवून जनावर बंदुकीकडे हाकलतात. इथे उलटे आहे. शिकारी बुंध्याला टेकून निश्चल बसतो आणि जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढतो. कायोटी आपणहून येतो, बहुतेक वेळा वाऱ्याचा वास घेत वळसा घालून, आणि वीस-तीस पावलांवर अचानक उभा राहतो. तिथे दुर्बिणीतून त्याला शोधेपर्यंत तो गेलेला असतो. तिथे बारा बोअरची बंदूक खरी. हा 'बारा' आकडाही वजनातूनच आला आहे: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर, १८.५ मिलिमीटर. तिच्या तीन इंची काडतुसात 'नंबर चार बक' जातीचे ४१ छर्रे मावतात, प्रत्येक सहा मिलिमीटरचा. चाळीस वारांवर हा थवा साधारण मीटरभर पसरतो. त्यापुढे छर्ऱ्यांमधल्या फटी वाढत जातात, आणि शंभर वारांवर कायोटीच्या वाट्याला एखाददुसराच येईल. लागेल, मारणार नाही. चाळीस वार ही तिची हद्द, आणि ती ओलांडू नये.

मग घ्यावी कोणती? दाट रानात बारा बोअर. मोकळ्या, वाऱ्याच्या माळावर अडीचशे-तीनशे वारांचा सराव असेल तर २२-२५० किंवा २४३. बाकी सगळ्यांनी २२३ घ्यावी, आणि वाचलेल्या पैशाची काडतुसे आणून सराव करावा. कारण शेवटी एक आकडा या सगळ्यांना झाकून टाकतो. दोन फुटांच्या नळीचे टोक चाप ओढताना फक्त एक मिलिमीटर हलले, तर तीनशे वारांवर गोळी ४५ सेंटिमीटर चुकते. छातीची ती वाटी पंधरा सेंटिमीटरचीच. धडधडणारे हृदय, थंडीने आखडलेले बोट, अर्धवट सोडलेला श्वास, यांतले काहीही टोकाला मिलिमीटरभर हलवते. ते ४५ सेंटिमीटर कुठलीही कंपनी विकत देत नाही. वाटीएवढी ताटली उभी करावी, शिकारीत बसतो तसेच गुडघ्यावर बसावे, आणि दहांतल्या नऊ गोळ्या ज्या अंतरावर तिला लागतात ते अंतर लिहून ठेवावे. कुणाचे ते दोनशे वार निघेल, कुणाचे ऐंशी. बंदूक त्या आकड्याला साजेल अशी घ्यावी आणि त्याच्या पलीकडे चाप ओढू नये.

चुकलेली गोळी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. साध्या पॉइंट टू-टूची गोळी दीड मैलापर्यंत, जवळपास अडीच किलोमीटर जाऊ शकते. आणि लागलेली गोळीसुद्धा तिथे संपत नाही. वेगवान गोळ्या प्राण्याच्या देहात फुटून शिशाचे कण मागे ठेवतात. रानात सोडलेला तो देह गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाचे काँडोर गिधाड १९८२ साली जगात २२ उरले होते, आणि त्यांच्या मृत्यूंमागे शिशाची विषबाधा हे एक मोठे कारण. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी वापरता येत नाही. तांब्याच्या गोळ्या मिळतात आणि चांगल्या चालतात. कायदा नसलेल्या राज्यांतही त्याच वापराव्यात, अशी माझी विनंती आहे.

अमेरिकेत सामान्य लोकांच्या हाती २०१७ साली सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका असल्याचा 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेचा अंदाज आहे, शंभर माणसांमागे १२० हून जास्त. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कोल्ह्यावर बंदूक रोखणे हा गुन्हा आहे. तिकडे कितीतरी राज्यांत कायोटी बारमाही मारता येतो आणि संख्येला मर्यादा नाही, युटासारख्या राज्यात तर एका कायोटीमागे ५० डॉलर मिळतात. त्यामुळे समोरचा प्राणी कायोटीच आहे ना, हे पाहण्याचे काम सर्वस्वी चाप ओढणाऱ्यावर येते.

नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व किनाऱ्यावर लाल लांडगा राहतो. दिसायला कायोटीसारखाच, फक्त थोडा मोठा. १९८० साली तो रानातून संपल्याचे जाहीर झाले होते. पिंजऱ्यात वाढवलेल्या चार जोड्या १९८७ साली पुन्हा सोडल्या, संख्या शंभराच्या पुढे गेली आणि मग पुन्हा घसरली. त्यांतले काही कायोटी समजून गोळीला बळी पडले. गेल्या काही वर्षांत रानातले लाल लांडगे दोन-तीन डझनांच्या पुढे गेलेले नाहीत. २०१३ साली हे प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले. त्या लांडग्यांच्या पाच काउंट्यांत आता कायोटीची शिकार परवाना काढून आणि दिवसाउजेडीच करावी लागते. रात्री तिथे कायोटीवर बंदूक चालवायला बंदी आहे.